काळ्या चेंडूचा फाऊल

त्या रविवारी सकाळी नानांना शर्टाचं बटण लावायला फार वेळ लागला. धुळ्याची एसटी चुकेल म्हणून नलिनी दारात पिशवी धरून मनातल्या मनात चरफडत होती. शेवटी नानांनीच मान वर केली.

"तूच लाव गं. आज बोटं झोपलीत माझी."

तिनं हसत बटण लावलं आणि दोघं निघाली.

नाना, म्हणजे शालिग्राम चौधरी, महसूल खात्यातून निवृत्त झाले होते. नोकरीची बरीच वर्षं धुळ्यात गेली. तिथल्या क्लबात साहेबांच्या काळापासूनचं एक भलंमोठं स्नूकरचं टेबल होतं. त्यावर ते तरुणपणी खेळायला शिकले आणि मग त्यातून सुटलेच नाहीत. जळगावला घर बांधून लेकीजवळ, नलिनीजवळ राहायला आले, तरी दर हिवाळ्यात क्लबातली साठीपुढच्या खेळाडूंची स्पर्धा त्यांनी कधी चुकवली नाही. नलिनी कॉलेजात शिकवायची. तिला खेळ फारसा कळत नसे, पण सोबतीला जायची.

पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा नानांच्या डाव्या हातातून चहाचा ग्लास निसटला. चहा पायावर सांडला, तरी ते ग्लासाच्या काचांकडेच बघत बसले. मग कसला हा कढत चहा, असं काहीसं पुटपुटले. रस्त्यात कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. एसटी तिच्या मागे मागे रखडत चालली. नाना एरवी वाटेतल्या प्रत्येक गावाबद्दल काही ना काही सांगत, आज ते गप्प होते.

त्या क्लबाची एक रीत होती. ज्येष्ठांच्या स्पर्धेत पंच असायचा, पण तो फक्त गुण मांडायचा. हात किंवा बाही चेंडूला लागली, तर ज्याची चूक त्यानंच खेळायची काठी, म्हणजे क्यू, खाली ठेवून "फाऊल" म्हणायचं. दुसऱ्यानं बोट दाखवलं, तर ते चुकणाऱ्याच्या पिकल्या केसांना हात घातल्यासारखं मानलं जाई. नानांनी आजवर असे कितीतरी फाऊल स्वतःहून सांगितले होते. कुणालाही दिसले नसते असेसुद्धा.

अंतिम सामना अय्युबभाईंशी होता. अय्युबभाई मूळचे सोनगीरचे, धुळ्यात तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान चालवायचे. दोघांची दोस्ती टेबलाइतकीच जुनी. खेळ सुरू होताना त्यांनी नानांच्या हाताकडे पाहिलं.

"काय नाना, हात काबरं कापी ऱ्हायना? मनी भीती वाटस का?"

"तुले हरावता हरावता म्हातारा व्हई गऊ मी," नाना म्हणाले. लोक हसले.

नंतर हसणं थांबलं. टेबलावर गुलाबी आणि काळा असे दोनच रंगीत चेंडू उरले. जिंकायला नानांना दोन्ही हवे होते आणि काळा मागच्या कडेला असा चिकटून बसला होता, की तो निघणं कठीण. गुलाबी चेंडूवर नजर लावून नाना वाकले. डावा पंजा त्यांनी त्याच कडेवर टेकवला. तो हळूहळू सरकला. करंगळीनं काळ्या चेंडूला ढकललं आणि चेंडू कड सोडून मोकळ्या जागी येऊन थांबला.

सगळ्यांनी पाहिलं. पंच म्हणून बसलेले सुकदेव वाणी खडूकडे बघू लागले. अय्युबभाईंनी छताकडे नजर वळवली. हॉलमध्ये एवढी शांतता झाली की वरच्या दिव्याची घरघर ऐकू यायला लागली. सगळे एका शब्दाची वाट बघत होते. नलिनीसुद्धा.

नानांनी गुलाबी चेंडू टेबलाच्या खिशात घातला. मग काळाही घातला. मान वर करून हसले. टाळ्या पडल्या, पण थोड्या आणि उशिरा. अय्युबभाईंनी हात मिळवला आणि नमाजाची वेळ झाली म्हणून निघून गेले. नमाजाला अजून अवकाश होता.

परतीच्या गाडीत नलिनी खिडकीकडे तोंड करून बसली. नानांच्या मांडीवरचा चषक दोनदा घसरला. तिनं तो उचलला आणि काही न बोलता पिशवीत टाकला. अय्युब न थांबता का गेला, असं त्यांनी विचारलं. शब्द जड, चघळल्यासारखे येत होते. "मला काय माहीत," ती म्हणाली. नंतर ते काहीतरी पुन्हा बोलले. तिनं वळून पाहिलं नाही.

सकाळी ते पलंगावरून उठलेच नाहीत. डावं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाताबद्दल. हाताची संवेदना कधीपासून नव्हती? काल वस्तू निसटत होत्या का, हात कशाला लागला, डाव्या बाजूला काही हललं, तर त्यांना कळत होतं का? चहाचा ग्लास निसटला होता, नलिनीनं सांगितलं. तिला करंगळी दिसत होती आणि तिच्यापुढून सरकणारा काळा चेंडू. हॉलभर माणसं एका आजारी माणसाकडे बघत होती आणि प्रत्येकाला त्यात लबाडी दिसली होती. सगळ्यांनी ती अदबीनं झाकली. त्या आठवड्यातच नाना गेले.

दिवसकार्य उरकल्यावर क्लबानं शोकसभा ठेवली. नलिनी चषक घेऊन धुळ्याला गेली. टेबलावर पांढरी चादर घातली होती, चादरीवर नानांचा फोटो होता. सुकदेव वाणी बोलले, आणखी दोघंतिघं बोलले. नानांचा स्वभाव, त्यांची शिस्त, त्यांची जुनी बक्षिसं, सगळं सांगून झालं. प्रामाणिकपणाचा शब्द कुणाच्या तोंडी आला नाही. शेवटच्या सामन्याचं नावही निघालं नाही. अय्युबभाई मागच्या रांगेत मान खाली घालून बसले होते.

सभा संपत आली तशी नलिनी उठली. तिनं चषक अय्युबभाईंच्या पुढ्यात ठेवला. ते हात मागे घ्यायला लागले.

"राहू द्या, अय्युबकाका. हा तुमचाच आहे," ती म्हणाली. मग ती फोटोकडे वळली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता.

"नाना, काळ्याला तुमचा हात लागला होता. फाऊल होता तो. हाताला काही कळतच नव्हतं, मग तुम्ही सांगणार कुठून. मी समोर बसले होते, सकाळी बटण मीच लावून दिलं होतं. तरी मला वाटलं, तुम्ही लबाडी केलीत. म्हणून गाडीत मी तुमच्याशी बोलले नाही."