सामानापाशी कोण बसणार?

"शरयू, तू बसतेस ना इथे?" असं दिगंबरराव म्हणाले, तेव्हा तिसरी बॅग तिच्या पायाशी ठेवून झाली होती आणि चौथी ते खांद्यावरून उतरवत होते. प्रश्न आपला विचारायची रीत म्हणून.

"नाही," शरयूताई म्हणाल्या.

दिगंबररावांनी चौथीही ठेवली. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोच्या तोंडून हा शब्द फारसा ऐकलेला नसल्याने त्यांना तो ऐकूच आला नाही.

समोर हिरवळीचं अफाट मैदान, त्यावर पतंग उडवणारी कुटुंबं, आणि मैदानाच्या टोकाला समुद्रात घुसलेला एल मोरो, स्पॅनिशांचा जुना किल्ला. पोर्तो रिकोची ही ट्रिप दिगंबररावांनीच ठरवली होती. कारण पासपोर्ट लागत नाही आणि तरी न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला परतल्यावर "कॅरिबियनला जाऊन आलो" असं म्हणता येतं. हॉटेल सकाळीच सोडलं होतं, विमान संध्याकाळचं. हॉटेलवाले बॅगा ठेवून घ्यायला तयार होते, पण सामानाच्या बाबतीत दिगंबररावांचा जगात एकाच माणसावर विश्वास होता.

त्या विश्वासापायी शरयूताईंनी अख्खी अमेरिका बसून पाहिली होती. नायगाराला घरचे बोटीतून भिजून आले, तेव्हा शरयूताई काठावर कोरडे टॉवेल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. यलोस्टोनला जमिनीतून उकळतं पाणी उसळलं, तेव्हा यांनी पार्किंगजवळचं कचऱ्याचं पिंप पाहिलं. अस्वलाला उघडता येऊ नये अशी त्याला कडी होती, आणि ती कशी उघडायची हे यांनी दोन परक्या बायकांना शिकवलं. यात कुणाचा जुलूम नव्हता. "जा तुम्ही, मी आहे," असं त्याच म्हणायच्या. घरच्यांची सोय व्हायची, यांना थोरपण मिळायचं. व्यवहार दोन्हीकडून चोख.

तो बिनसला मंडळाच्या हळदीकुंकवात. "नायगाराला बोटीत भीती वाटते का गं? तू तर दोनदा गेलीयेस," असं त्यांच्या मैत्रिणीने, शोभनाने, विचारलं. आणि शरयूताईंनी पापणी न हलवता भीती, तुषार, निळा रेनकोट असं साग्रसंगीत वर्णन केलं. घरी येताना गाडीत त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आता पुढचं जे काही असेल ते आतून बघायचं, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं.

"नाही म्हणजे?" दिगंबररावांना अखेर ऐकू आलं.

"म्हणजे मी येतेय आत."

"अगं, आत काय आहे? दगड!"

"मग तुम्ही कशाला चाललात?"

मुलगा नकुल, जन्माने जर्सीचा, तत्परतेने म्हणाला, "मॉम, आय कॅन स्टे," आणि म्हणता म्हणता किल्ल्याच्या दिशेने दोन पावलं सरकला.

"तुझे गुडघे बघ आधी," दिगंबरराव बायकोला म्हणाले.

"ते बसून बसूनच धरलेत."

सून प्रीता नागपूरची. एमएस करायला आली ती इथलीच झाली, पण तोंड नागपूरचंच राहिलं होतं. "बाबा, तुम्ही रायगड पाहिलाय ना?"

"तीनदा!"

"मग तुमचा फोर्ट्सचा कोटा फुल झाला. बसा."

दिगंबरराव बसले. म्हणजे बॅगांच्या मधोमध उभे राहिले. बसलं तर ते कायमचं गळ्यात पडेल असं त्यांना वाटलं असावं.

आत गेल्यावर शरयूताईंची पंचाईत झाली. बघतात कसं, याचा सरावच नव्हता. सवयीने त्यांनी आधी सावली आणि टेकायची जागा हेरली. नकुल आणि प्रीता उतारावरून खालच्या तोफांकडे गेले. शरयूताई मैदानाकडच्या तटावर गेल्या आणि सहज खाली डोकावल्या.

दिगंबरराव तिथून बोटभर दिसत होते. फोन कानाला. मग ते वाकले आणि एक बॅग उघडली. कानाचा फोन न काढता दुसरी उघडली. शरयूताईंच्या लक्षात आलं: आपला फोन औषधांच्या पिशवीत राहिलाय. नवरा आपल्याला फोन लावतोय आणि तो त्याच्याच पायाशी वाजतोय! पुऱ्यांचा डबा बाहेर आला, मोजे बाहेर आले, एक मोजा वाऱ्याने पळाला, दिगंबरराव त्याच्यामागे पळाले. शरयूताई एवढ्या हसल्या की शेजारची गोरी बाई दचकून बाजूला झाली.

नवऱ्याला पाणी हवं असणार. जाऊन काढून द्यावं म्हणून पाय वळलेही. मग त्यांनी विचार केला, बाटली बाहेरच्याच कप्प्यात आहे. शिकलेला माणूस आहे, सापडेल. त्या उलट्या दिशेला, समुद्राकडे चालू लागल्या.

तटाच्या कोपऱ्यावर पहारेकऱ्याची घुमटी होती. एक माणूस मावेल एवढी गोल, दगडी, भिंतीला उभ्या फटी. शरयूताई आत शिरल्या. वारा थेट तोंडावर आला. इथे कुणीतरी उन्हातान्हात एकटं उभं राहून साऱ्या गावाचं सामान राखलं असणार, हे त्यांना पाटी न वाचता कळलं. फक्त त्या गड्याचं तोंड समुद्राकडे होतं.

खाडीच्या तोंडाशी एक पांढरं, अनेक मजली जहाज हळूहळू वळत होतं.

"मॅम, आर यू डन?" फोटोसाठी ताटकळलेला एक मुलगा मागून म्हणाला. त्याच्यामागे रांग लागली होती. कुणी असं नुसतं उभं राहिलं तरी उठून जागा द्यायची, हा शरयूताईंचा जन्माचा शिरस्ता. त्यांनी रांगेकडे पाहिलं. थोडं ओशाळं हसल्या.

"नॉट येट," त्या म्हणाल्या आणि पुन्हा फटीकडे वळल्या. जहाज अजून अर्धंच आत आलं होतं.