दांडीवरचा बर्फ

पाऊस पडतो तो पाऊस म्हणून, आणि विजेच्या तारेला टेकला की त्याचा बर्फ होतो. तो किती जाड होणार हे आधी सांगणं, हे माझं काम. लोकांना वाटतं मी आकाशाकडे बघून सांगतो. आकाशाकडे बघून काय डोंबल कळतं! आमच्या कार्यालयाला तर खिडकीसुद्धा नाही.

सँ-फेर्देल गावातला बर्फ मला अदेलारमामा कळवायचे. माझ्या आईचे सख्खे भाऊ. त्याआधी तीस वर्षं त्यांनी घरामागे पाऊस मोजला होता. सकाळी सातला बाटलीतलं पाणी मोजायचं, वहीत लिहायचं, बाटली रिकामी करून पुसून ठेवायची. एक दिवस चुकले नाहीत. म्हणून बर्फ मोजायची दांडी बसवायची वेळ आली तेव्हा मी डोळे झाकून ती त्यांच्या अंगणात ठोकली, मोजपट्टी हातात दिली, वाटाण्याचं सूप प्यालो आणि घाईघाईने परतलो.

बेर्तमामींची फुप्फुसं तेव्हाच थकलेली होती. विजेवरच्या यंत्रातून त्यांना चोवीस तास ऑक्सिजन लागायचा. राखीव सिलिंडर एकच, तोही फार तर सहा तास पुरणारा.

त्या जानेवारीत सोमवारी पाऊस सुरू झाला. मंगळवारी सकाळी मामांचा फोन आला, "नऊ मिलिमीटर, साहेब." बुधवारी अकरा. गुरुवारी तेरा. पडलेल्या पावसावरून हिशेब करणारा माझा संगणक मात्र गुरुवारी तेहतीस दाखवत होता. मी त्याला चार शिव्या हासडल्या. माणसाने डोळ्यांनी मोजलेलं खरं, की या खोक्याने सांगितलेलं? आणि नऊ, अकरा, तेरा, आकडा कसा शहाण्यासारखा वाढत होता! शुक्रवार सकाळपर्यंत आणखी बारा धरला तरी पंचवीस. गावाकडच्या तारा चाळीसपर्यंत तग धरतात.

गुरुवारच्या त्याच फोनवर मामांनी विचारलं, "गेतान, तुझ्या मामीला शहरात हॉस्पिटलात हलवू का? रस्ता दुपारपर्यंत चालू आहे म्हणतात."

मागून मामींचा आवाज आला, "मी कुठ्ठे जाणार नाही! तिथलं ते पाणचट सूप पिऊनच मरेन मी. विचारा त्याला, वीज जाणार आहे का?"

"नाही जाणार, मामी," मी ओरडून सांगितलं. "राहा घरीच."

"ऐकलंत? शिकलेला भाचा आहे माझा. तुम्ही आपले नुसते घाबरट!"

मामी हसल्या आणि त्यांना खोकला आला. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. आपलं कुणी ऐकलं की बरं वाटतंच.

दुपारी चारला सँ-फेर्देलच्या तारा खाली आल्या. पाठोपाठ खांब, आणि रस्त्यावर आडवी मॅपलची झाडं. मामांचा फोन आला. "वीज गेली रे. सिलिंडर लावलाय. किती वेळात येतील?" मी सगळ्यांना फोन केले, हातापाया पडलो. करवतीने झाडं कापत माणसं निघाली. त्यांना पोचायला अकरा तास लागले.

आमच्याकडे हिवाळ्यात जमीन खणता येत नाही. मामी मे महिन्यापर्यंत दफनभूमीतल्या दगडी खोलीत थांबल्या. मेमध्ये त्यांना मातीत ठेवून घरी आलो, तेव्हा मामांनी वही माझ्यापुढे उघडली.

"बघ. नऊ, अकरा, तेरा. मोजपट्टी दोनदा लावायचो. आणि मोजून झालं की दांडी कोमट पाण्याने लख्ख करायचो. कालचा बर्फ आजच्यात मिसळायला नको ना. बरोबर केलं ना मी?"

नऊ आणि अकरा आणि तेरा. तेहतीस. खोकं बरोबर होतं. बर्फ आपसूक गळून पडेपर्यंत दांडीला हात लावायचा नसतो, एवढं एकच वाक्य मी सुपाच्या घाईत सांगायचं विसरलो होतो. तीस वर्षं रोज बाटली पुसणारा माणूस दांडी पुसणारच. हे मला कळायला नको होतं? त्या क्षणी मला माझीच किळस आली.

"बरोबर केलंत, मामा," मी म्हणालो. "हिशेब माझा चुकला."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "चुकतो माणूस. मीच तिला उचलून न्यायला हवी होती. माझं तिने कधी ऐकलंय?" आणि त्यांनी मला सूप वाढलं. मामींसारखं जमलं नव्हतं.

दांडी पुसू नका, असं त्यांना आता सांगायची सोय नाही. सांगितलं, की त्याच क्षणी त्यांना सगळं कळेल. यंदा पुन्हा पाऊस लागला. काल सातला फोन आला, "सात मिलिमीटर. दांडी पुसून ठेवलीय." आज आला, "पाच. पुसून ठेवलीय."

"छान, मामा," मी म्हणालो आणि कागदावर बारा लिहिले.