तळघरातलं पाणी कोणी पाहिलं?

विमा कंपनीचा माणूस सोमवारी दहाला येणार होता आणि स्तान्का सकाळी सहापासून तळघराची फरशी पुसत होती. गेले दहा दिवस ती फरशी रोजच पुसली जात होती. आता तिच्यावर माशी बसली असती तर घसरली असती. पण परका माणूस घरी येणार आणि आपण त्याला घाण दाखवणार, असं अठ्ठ्याहत्तर वर्षांत तिच्याकडून कधी झालं नव्हतं. या वयात नवी सवय लावून घ्यायचा तिचा विचार नव्हता.

अमेरिकेतल्या या युक्लिड गावात आम्हा स्लोव्हेन लोकांच्या घरांचा वरचा मजला असतो दाखवायला. तिथे प्लास्टिकचं आवरण घातलेला सोफा असतो, काचेच्या कपाटातले कप असतात, आणि कधीच न पेटलेली चकचकीत शेगडी असते. राहायचं ते तळघरात. रोजचं स्वयंपाकघर तिथे, आंबट कोबीचं पिंप तिथे, पत्त्यांचा डाव तिथे आणि भांडणंही तिथेच. पुढच्या दारानं पाद्री येतो, डॉक्टर येतो आणि मेलेला माणूस बाहेर जातो. बाकी सगळी दुनिया बाजूच्या दारानं आत शिरते आणि सात पायऱ्या उतरून थेट टेबलाशी बसते. स्तान्काचा नवरा लोय्झे होता तोवर त्या दाराला फक्त झोपताना कडी लागायची. शेजारची तोन्चका वाटीभर मीठ मागायला यायची आणि जेवून जायची. मीठ न्यायचं विसरायची, म्हणून पुन्हा यायची.

लोय्झेला जाऊन सहा वर्षं झाली होती. तोन्चकाला गेल्या वर्षी वृद्धाश्रमात नेलं. ती आता कोणाला ओळखत नाही. तिच्या घरात कोणी नर्स भाड्यानं राहायला आली होती. ती रात्रपाळी करायची आणि दिवसा पडदे ओढून झोपायची. कधी गाडीतून उतरताना दिसली तर हात हलवायची, तेवढंच. स्तान्काची एकुलती एक मुलगी मार्लीन अ‍ॅरिझोनाला असते. दर रविवारी तिचा फोन येई आणि ती विचारी, "आई, कोणी येतं-जातं का गं तुझ्याकडे?"

"रांग लागते," स्तान्का म्हणायची. "चहाला उसंत मिळत नाही."

असं म्हटलं नाही तर काय होणार, ते तिला पक्कं ठाऊक होतं. मार्लीननं तिकडे एक खोली रंगवून तयार ठेवली होती. तिकडच्या घरांना म्हणे तळघरच नसतं.

आणि अशात ऑगस्टमधल्या एका गुरुवारी संध्याकाळी गावाशेजारच्या मोठ्या तळ्यावरून वादळ आलं. शहराची गटारं तुंबली आणि तळघराच्या मधोमध जी लोखंडी जाळी आहे, पाणी खाली जाण्यासाठी बसवलेली, तिच्यातून पाणी उलटं वर आलं. पाणी म्हणायचं आपलं. अख्ख्या गल्लीनं मोऱ्यांतून आणि संडासांतून जे खाली सोडलं होतं, ते सगळं स्तान्काच्या स्वयंपाकघरात पाहुणं आलं. गुडघ्याला लागेल एवढं चढलं. सकाळपर्यंत त्याच जाळीतून उतरलं खरं, पण मागे ठेवायचं ते ठेवून गेलं. घर तापवायची भट्टी बिघडली, गरम पाण्याची टाकी बिघडली, गालिचा कुजला. युक्लिडमध्ये ऑक्टोबरपासून भट्टीशिवाय माणूस जगत नाही, आणि नवी भट्टी घेण्याची स्तान्काची ऐपत नव्हती. विम्यानं भट्टी दिली तर ती इथे राहणार होती, नाहीतर अ‍ॅरिझोना. मधला रस्ता नव्हता.

शुक्रवारी तिनं कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं कागद पाहून सांगितलं, की साध्या पॉलिसीत हे नुकसान धरत नाहीत, पण तुमच्या पॉलिसीला गटाराचं पाणी उलटं येण्याची वेगळी पुरवणी जोडलेली आहे. नवऱ्यानं घेतलेली दिसते. स्तान्काला हे माहीतच नव्हतं. फोन हातात धरून ती पायरीवर बसली आणि रडली. मुलगी पुढे सांगत होती, फोटो काढून ठेवा, काही टाकू नका, काही धुऊ नका, दहा दिवसांनी आमचा माणूस येईल. त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं स्तान्काच्या कानात शिरलं. माणूस येईल. आपल्या तळघरात कोणीतरी येणार.

मग काय, पदर खोचून कामाला लागली म्हणतात तशी लागली. गाळ बादल्यांनी उपसला आणि सात पायऱ्या चढून बाहेर नेला. लोय्झेच्या सुरीनं गालिच्याचे तुकडे केले, पिशव्यांत भरले, कचऱ्याच्या गाडीला दिले. खुर्च्या, लाकडी कपाट, पिंप, टेबल सोडून सगळं गेलं. भिंती ब्लीचनं तीन-तीनदा धुतल्या. हातांची सालं निघाली. रविवारी पाठ धरली तेव्हा ती पायरीवर आडवी झाली आणि तशीच पडून मार्लीनशी बोलली. "मजेत आहे," म्हणाली.

कंपनीचा माणूस दहाला दोन मिनिटं असताना आला. कर्टिस नाव, चाळिशीचा, उंच, बगलेत फाइल. त्यानं पुढच्या दाराची घंटी वाजवली.

"पुढून काय, लग्नाला आलात का?" स्तान्का बाजूनं ओरडली. "इकडून या. डोकं सांभाळा."

तो वाकून खाली उतरला आणि शेवटच्या पायरीवर थबकला. भिंती पांढऱ्याशुभ्र. टेबलाशी वरच्या मजल्यावरून आणलेल्या खुर्च्या, टेबलावर कडक टेबलक्लॉथ, त्यावर कॉफी आणि पोतित्सा, म्हणजे अक्रोड घालून गुंडाळलेली आमची गोड पावरोटी, कापून ठेवलेली. सबंध तळघराला ब्लीचचा आणि दालचिनीचा वास.

"बाई, मी चुकून दुसऱ्याच घरात आलो का?"

"बसा आधी. कॉफी निवतेय."

"बसतो. पण नुकसान कुठेय?"

"टाकलं की! तुम्ही येणार म्हटल्यावर काय ती घाण तशीच ठेवू?"

कर्टिसनं कपाळाला हात लावला. स्तान्काचा चेहरा पडला. मग एकेक शब्द सुटा करून त्यानं सांगितलं, आणि आपण स्वतःच्या हातांनी काय करून बसलो ते तिला कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिनं तर दहा दिवस हात दाखवला होता.

त्यानं भट्टीखालचं झाकण स्क्रू काढून उघडलं. आत काळा गाळ होता. तिथवर स्तान्काचा हात पोचला नव्हता.

"पाणी आलं हे खरं," तो म्हणाला. "पण कुठून आलं? भिंतीतून झिरपलं किंवा अंगणातून दारात शिरलं, तर कंपनी काही देत नाही. जाळीतून वर आलं तरच पुरवणी लागू. त्याच्या खुणा असतात. त्या तुम्ही धुतल्या."

"जाळीतूनच आलं. मी पाहिलं ना!"

"माझा विश्वास आहे हो. माझा साहेब विचारील, बाईशिवाय कोणी पाहिलं? प्लंबर? मुलगा, मुलगी? शेजारीपाजारी? दहा दिवसांत कोणी डोकावलं असेल की. एक नाव द्या मला. एकच."

स्तान्का टेबलाची कडा धरून उभी राहिली. एक नाव. या टेबलाशी एका वेळी चौदा माणसं जेवलेली होती. ती मनात एकेकाच्या दारी जाऊन आली, आणि प्रत्येक दारामागे थडगं नाहीतर दुसरं गाव निघालं.

"तोन्चकानं पाहिलं," ती म्हणाली. "शेजारची."

त्यानं नाव लिहून घेतलं आणि उठला. "मग झालंच काम. दोन शब्द बोलून येतो त्यांच्याशी."

"अहो, झोपली असेल ती!"

पण तो पायऱ्या चढून गेलासुद्धा. स्तान्का खाली बसली. आयुष्यात तिनं पाद्रीलाही सगळं खरं सांगितलं होतं, आणि आज एका भट्टीपायी खोटं बोलली, तेही ज्या बिचारीला स्वतःचं नाव आठवत नाही तिच्या नावावर. तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

कर्टिस परत आला तेव्हा एकटा नव्हता. मागे ती नर्स होती, पायात सपाता, डोळे झोपेनं सुजलेले, हातात मोबाइल.

"तिथे तोन्चका राहत नाही म्हणे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं.

"मी रेनिटा," नर्स म्हणाली. "आजी, माझ्या दाराच्या घंटीत कॅमेरा आहे. समोर तुमचं हे दार दिसतं त्यात. यांनी तारीख विचारली, म्हटलं दाखवते."

तिनं मोबाइल टेबलावर पोतित्साच्या ताटलीशी टेकवून उभा केला. गुरुवारची संध्याकाळ. पाऊस कोसळतोय, पण दोन घरांमधल्या वाटेवरचं पाणी सरळ रस्त्याकडे पळतंय. उंबऱ्याला ते शिवतही नाहीये. मग बाजूचं दार धाडकन उघडलं आणि एक म्हातारी अनवाणी बाहेर आली. केस सुटलेले, कपडे गुडघ्यापर्यंत काळे. पावसात उभं राहून ती घराकडे तोंड करून ओरडायला लागली.

ही कोण, असं स्तान्काच्या मनात आलं. आपण ओरडल्याचं तिला अजिबात आठवत नव्हतं.

"काय म्हणताय इथे?" कर्टिसनं विचारलं. "ही भाषा मला कळत नाही."

स्तान्कानं ओठ ओले केले. "म्हणतेय... लोय्झे! लवकर ये! जाळीतून वर येतंय! लोय्झे, जाळीतून येतंय रे!"

कर्टिस एकदम सरसावला. "हे बघा! हेच हवं होतं! त्याच क्षणी, स्वतःच्या तोंडानं! आणि लोय्झे कोण? ते होते ना तिथे? मघाशी का नाही सांगितलंत? नाव लिहितो त्यांचं." त्यानं पेन उघडलं. "कुठे भेटतील?"

"नवरा माझा," स्तान्का म्हणाली. "सहा वर्षं झाली त्याला जाऊन."

पेन तसंच राहिलं. पडद्यावरची म्हातारी अजून हाक मारत होती. रेनिटानं आवाज कमी केला आणि पुढचे दिवस सरकवले. शुक्रवार, शनिवार, रविवार. तेच दार, तीच बादली, तीच म्हातारी बाहेर, तीच म्हातारी आत. दुसरं माणूस त्या दारात दिसलं नाही.

"दारासमोर कोणी हललं की माझा फोन वाजतो," रेनिटा खाली बघून म्हणाली. "तुम्ही सारख्या ये-जा करत होता. मला झोप मिळेना. म्हणून मी आवाज बंद करून टाकला. एकदा उठून बघितलं असतं तर... मी नर्स आहे, आजी."

"झोपायला नको का माणसाला? रात्रभर उभी असतेस," स्तान्का म्हणाली. "बस. पोतित्सा खा."

तिला रेनिटाचा राग आला नाही. लाज वाटली. एकटं राहणं तिनं अंगवळणी पाडून घेतलं होतं, आतून ते तेवढं दिसत नाही. समोरच्या दारातून कसं दिसतं ते आज तिनं पाहिलं, आणि तिला त्या म्हातारीची फार दया आली.

कर्टिसनं दोन तुकडे खाल्ले, कॉफी संपवली आणि फाइल उघडली. "तोन्चका खोडतो," तो म्हणाला. "ओरडलात ते लिहितो. शब्दन् शब्द लिहितो."

तीन आठवड्यांनी मंजुरीचं पत्र आलं. थंडी पडायच्या आत नवी भट्टी बसली, टाकी बसली. रेनिटा एकदा कामावरून परतताना दारात येऊन गेली. उभ्या उभ्या. पाय दुखत होते तिचे. स्तान्कानं आग्रह केला नाही.

पुढच्या रविवारी मार्लीनचा फोन आला. ती नेहमीचं बोलली, तिकडचं ऊन, गुडघा, रंगवलेली खोली. मग नेहमीचं विचारलं, "कोणी येतं-जातं का गं?"

रांग लागते, हे स्तान्काच्या जिभेवर आलं होतं.

"नाही गं," ती म्हणाली. "कोणी येत नाही. ऑगस्टमध्ये तळघर गटारानं भरलं, तर मी भर पावसात बाहेर पळाले आणि तुझ्या बाबांना हाका मारल्या. दुसरं नावच आलं नाही तोंडात."

खाली भट्टी घरघरली आणि सुरू झाली.

"आता बॅग भर म्हणू नकोस," स्तान्का म्हणाली. "भट्टी नवी आहे. घर गरम आहे. मी इथेच राहणार. तू ये. चार दिवस ये. आणि मागच्या वेळेसारखी पुढच्या दारात घंटी वाजवत उभी राहू नकोस. बाजूनं ये. मी कडी लावत नाही."