चामखिळीवाला स्वार

आग्र्याच्या छावणीत मला नावाने कोणी हाक मारत नसे. चामखिळीवाला म्हटलं की झालं. डाव्या नाकपुडीवर हरभऱ्याएवढी चामखीळ घेऊन मी मनसबदार मीर जुनैदांच्या पन्नास स्वारांत अकरा वर्षं काढली. माझ्या बायकोला, हमीदनला, मात्र ती डोळ्यांसमोर नको झाली होती. शेवटी तिने माझ्याच घोडीच्या, लाडोच्या शेपटीचा केस उपटून चामखिळीला बांधला. आठव्या दिवशी ती गळून शिऱ्यात पडली. हमीदनने शिरा फेकला आणि आरसा आणला. खोटं कशाला बोलू, मी देखणा दिसत होतो.

ते देखणेपण हजेरीच्या दिवशी नडलं.

सरकारी मुन्शी हरकिशन चेहरेपट्टीचा, म्हणजे स्वार आणि घोड्याच्या खुणांच्या नोंदीचा, कागद वाचू लागले. "घोडी तांबडी, मांडीवर सरकारी डाग. बरोबर. स्वार शेख बुढ्ढन, नाकपुडीवर चामखीळ. कुठाय?"

"गळाली, मुन्शीजी."

"चामखीळ नाही विचारत, स्वार कुठाय?"

"हा काय समोर उभाय! कालच माझ्या डब्यातलं पान खाल्लंत की!"

"भाड्याचा माणूस उभा करायचा आणि वर पानाची आठवण काढायची?"

एकोणपन्नास स्वारांनी माझ्यासाठी शपथा घेतल्या. मुन्शी म्हणाले, "तोंडं उद्या फिरतील. कागद फिरत नाही."

एक स्वार कमी भरला तर मनसब, म्हणजे दरबारातला दर्जा आणि पगार, घटणार, म्हणून मीरसाहेबांना घाम फुटला. मला रडू फुटलं ते लाडोसाठी. माझी म्हणायचो, पण घोडी मीरसाहेबांची; माझं नाव कटलं की ती दुसऱ्याकडे जाणार. शिंगरू होती तेव्हापासून मी तिला हाताने चारलं होतं.

मीरसाहेब हळूच म्हणाले, "मुन्शीजी, जागा रिकामीच आहे ना? मग हाच नवा भरती करा."

मुन्शी खुलले. कोरा कागद आला. "शेख बुढ्ढन फरार. नवा स्वार, नाव?"

मी तोंड उघडताच मीरसाहेबांनी माझा पाय तुडवला.

"शेख... चांद."

"नाक स्वच्छ," मुन्शींनी लिहिलं. पगार नव्या माणसाचा, म्हणजे पाच रुपये कमी. पण लाडोचा लगाम माझ्याच हातात राहिला आणि मी पुन्हा रडलो.

"आता पहिली कामगिरी," मुन्शी म्हणाले. "फरार बुढ्ढनला हुडकून आण."

घरी येऊन हमीदनला सगळं सांगितलं. पोट धरून हसली. मग माझ्या नाकावरून बोट फिरवत म्हणाली, "अकरा वर्षं त्याच्याबरोबर काढलीत मी. नका हो शोधू त्याला. मला हाच बरा आहे."