सोनिया पुन्हा चावली

“बाई, सोनिया चावली!”

वर्गात एकच गिल्ला झाला. नूतनबाईंनी हातातला खडू टेबलावर आपटला. हिर्डोशी गावाच्या वरच्या अंगाला वाडीतली ही शाळा. पहिली-दुसरीची पोरं एकाच खोलीत, आणि त्यांना आवरायला एकट्या नूतनबाई. एकीला गप्प करावं तर दुसरा टेबलाखाली शिरतो, त्याला ओढून काढावं तर तिसऱ्याला लघवीला लागते. त्यात ही सोनिया. आज अभिषेकच्या दंडावर तिचे दात उमटले होते.

रागावून झालं, समजावून झालं. पोरगी ढिम्म. शेवटी बाईंनी तिच्या आजीला, अक्काबाईंना, बोलावणं धाडलं.

अक्काबाई भातलावणी सोडून चिखलाच्या पायांनी आल्या आणि आल्या आल्या नातीवर हात उगारला.

“मारायला नाही बोलावलं तुम्हाला!” नूतनबाई मध्ये पडल्या.

“मग काय करू, बाई? घरी तर गुमान बसती.”

“गुमान? ही?”

“व्हय. सुट्टीच्या दिशी आमी समदी खाचरात. वढ्याला पानी लई, पोर तिकडं गेली म्हंजी? भाईरनं कडी घालून जातो. पयल्यांदा लई वरडली. आता न्हाई वरडत.”

नूतनबाईंची नजर वर्गाच्या बंद दाराकडं गेली. पावसाची झड आत येते, पोरं पळतात, म्हणून ते त्या रोज लावून घेत. अभिषेक दाराला पाठ लावूनच बसायचा. काल सोनिया जिला चावली तीही तिथंच बसली होती. हे आपल्याला आधी कसं दिसलं नाही, म्हणून बाईंना स्वतःचाच संताप आला, आणि तो निघाला अक्काबाईंवर.

“तिला कोंडायचं नाही. खाचरात न्या सोबत.”

“आन् चिखलात लोळली तर धुनार कोन?”

“मी येऊ धुवायला?”

बाई एवढ्या कडाडल्या की सगळा वर्ग चिडीचूप झाला. अक्काबाईंनी पदरानं तोंड पुसलं. “नेते,” त्या हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दार सताड उघडं होतं. झड आत येत होती, सतरंजी भिजत होती, दोघं पोरं पागोळ्यांखाली नाचायला पळाली होती. सोनिया उंबऱ्यावर बसून पाटीवर ‘ब’ काढत होती. तो दर वेळी पावसानं पुसला जाई.

“आत सरक गं जरा!” नूतनबाई वैतागून ओरडल्या.

सोनिया बोटभर आत सरकली.