अकरावं शिखर

इंद्रजीतला मी आठवीत भूगोल शिकवला. वर्षभर शिकवूनही त्याला नकाशात उत्तर दिशा सापडत नसे. तो नकाशाच फिरवून घ्यायचा आणि म्हणायचा, "आता बरोबर आली, सर." चाळीस वर्षांत मी शेकडो मुलांना घाट आणि पठार यांतला फरक समजावला. काहींना चार वेळा सांगावं लागलं, काहींना चौदा वेळा, पण शेवटी सगळ्यांना समजलं. हा एकटा राहिला.

तोच इंद्रजीत आता 'शिखरमित्र मंडळा'चा अध्यक्ष होता आणि जिल्ह्यातली 'निसर्गरम्य व सांस्कृतिक महत्त्वाची अकरा शिखरे' निवडत होता. पावसाळा तोंडावर आला की शहरातल्या लोकांना डोंगर आठवतात. त्याआधी यादी जाहीर करायची असं ठरलं होतं.

निवड औरंगपुऱ्यात, कापडाच्या दुकानावरच्या त्याच्या ऑफिसात चालली होती. बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं आणि आत एसी. भिंतीवर इंद्रजीतचा बर्फात उभा असलेला मोठा फोटो होता. त्यातले बूट इतके चकचकीत होते की बर्फालाही त्यांच्याजवळ यायला संकोच वाटला असावा. दहा शिखरं निवडून झाली होती. त्यासाठी खुर्चीवरून कुणीही उठलं नव्हतं.

डोंगराला गुण द्यायचा एक तक्ता होता. त्यात देखावा, गाडी कुठपर्यंत जाते, मोबाइलला रेंज येते का, हे सगळं होतं. शेवटचा रकाना संस्कृतीचा. वर मंदिर असेल तर दहा गुण. मंदिर नसून नुसती गोष्ट असेल तर पाच. गोष्टही नसेल तर शून्य. निवडलेल्या दहापैकी सात डोंगरांवर पांडव मुक्कामाला होते, असं इंद्रजीतच्या चिटणिसाने, म्हणजे राजेंद्रने, लिहून ठेवलं होतं. एवढ्या ठिकाणी मुक्काम केला असता तर पांडव अजून वनवासातच असते.

मला 'सांस्कृतिक सल्लागार' म्हणून बोलावलं होतं. मी गेलो तो योगिनीसाठी.

योगिनी सातवीतली. वाळूजला मामाकडं राहून शिकते. मामा कारखान्यात पाळीवर जातो. त्यांच्या कॉलनीतल्या मारुतीच्या मंडपात मी दर रविवारी मुलांना नकाशे वाचायला शिकवतो. एकदा तिनं विचारलं होतं, "सर, आमच्या डोणवाडीचा हाळीचा डोंगर नकाशात का नाय? शेजारचा बोडखा हाय की." बोडख्यावर सर्वेक्षणाचा खांब आहे, म्हणून तो नकाशात आहे. ते दाखवायला मी मुलांना फाल्गुनात तिथं घेऊनही गेलो होतो. जमीन मोजणाऱ्यांनी उंचीची खूण म्हणून खांब कसा पुरला, त्यावर बाण आणि आकडा का कोरला, सगळं समजावलं. पण हाळीचा डोंगर का नाही, याचं चांगलं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. अकराव्या शिखरासाठी मुलांकडून अर्ज मागवलेत असं पेपरात वाचलं, तेव्हा मीच तिला म्हणालो, "भर अर्ज." चूक तिथं झाली, आणि ती माझी.

तिनं अर्जावर डोंगराचं चित्र काढलं होतं. माथ्यावर एक आपट्याचं झाड, त्याखाली कातळ.

"वर मंदिर आहे का?" इंद्रजीतने विचारलं.

"नाय."

"शेंदूर लावलेला दगड वगैरे?"

"नाय. झाड हाय अन् कातळ हाय."

"मग आहे काय त्यात, बेटा?"

योगिनीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. ती उभी राहून वर्गात सांगते तशी सांगू लागली.

"आमची माणसं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गोदाकाठाला उतरत्यात. पावसाच्या आधी माघारी येत्यात. कळप डोंगराखाली आला की घरातली थोरली बाई कातळावर जाती, गावाकडं तोंड करती अन् हाळी देती. एकेकाचं नाव घेऊन. अमका आला, तमकी आली. खाली बाया चुलीपाशी ऐकत बसत्यात. नाव आलं की त्याची भाकर तव्यावर टाकायची."

"आणि ज्याचं नाव नाही आलं?" राजेंद्रने विचारलं.

"त्याच्या घरचे समजून घेत्यात." तिनं अर्जावरच्या कातळावर बोट ठेवलं. "माझ्या आज्याचं नाव आलं नव्हतं. केरबा. हाळी द्यायला आजीच गेली होती, सारजाबाई. तिनं सगळ्यांची नावं घेतली, त्याचं नाय घेतलं, अन् खाली आली. आता समद्यांकडं मोबाइल हायेत, पण आजी अजून जाती वर. तिच्यामागं कोण जाईल, ठावं नाय. म्हणून म्हणलं, कुठंतरी लिहून तरी राहावं."

"तुझं नाव घेते का आजी?" मी विचारलं.

"माझं कसं घेईल, सर? मी कुठं जाती मेंढरामागं? जो गेलाच नाय त्याचं नाव नसतं."

मग इंद्रजीतने टेबलावर थाप मारली.

"जबरदस्त! इको पॉइंट!"

पुढची दहा मिनिटं तो बोलत होता. आजींना दर रविवारी कातळावर बसवायचं. हिरवं लुगडं, ठसठशीत कुंकू, हातात काठी. पाहुणे आले की आजींनी पुकारायचं, पुण्याचे अमुक आले, नाशिकचे तमुक आले. खाली स्पीकर. नंतर पाहुण्यांची ओरडण्याची स्पर्धा. "व्हिडिओ काय पळेल, राजेंद्र! फक्त गोष्ट जरा जुनी पाहिजे. असं टाक, द्रौपदीने पाचही पांडवांना इथूनच हाका मारल्या."

"दादा, एक नंबर," राजेंद्र लिहून घेत म्हणाला.

"पण," योगिनी म्हणाली, "आजी माघारी आलेल्यांची नावं घेती. हे पाव्हणे कुठनं माघारी आलेत?"

इंद्रजीत मोठ्यानं हसला. "पोरगी हुशार आहे, सर. तुमची विद्यार्थिनी शोभते."

"तूही माझाच विद्यार्थी आहेस," मी म्हणालो.

त्याला ते कौतुक वाटलं. त्यानं मला काजू दिले.

जिन्यात योगिनी कठड्याला धरून उभी राहिली. "सर, अर्ज माघारी घेता येतो का?"

मी परत वर गेलो. इंद्रजीत म्हणाला, "सर, असं कसं? फलक कोरायला दिलासुद्धा." डोंगर अजून कुणी पाहिला नव्हता आणि त्याचा फलक तयार होत होता. खाली येऊन मी तिला खरं ते सांगितलं. ती रडली नाही. वाळूजच्या रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाली, "आजीला जत्रेतल्या अस्वलासारखं बसवणार हे."

अकराव्या शिखराची पाहणी करून फलक बसवायचा रविवार आला. मी योगिनी, सम्यक, अक्षदा आणि रविवारच्या वर्गातल्या आणखी दोघांना घेऊन सकाळच्या पहिल्या एसटीनं डोणवाडीला पोचलो. मंडळाच्या तीन गाड्या दीड तासानं आल्या, कारण वाटेत त्यांनी दोनदा नाश्ता केला. तोवर योगिनी घरी जाऊन आली होती. "दादा रात्री फोनवर बोलले," तिनं मला हळूच सांगितलं. दादा म्हणजे तिचे वडील, खंडेराव. "कळप आज पोचतोय. आजीला पाव्हण्यांचं समदं सांगितलं. ती आत्ताच गेली वर."

गाड्यांतून पंधरा-वीस जण उतरले. सगळ्यांच्या डोक्यावर मंडळाच्या पांढऱ्या टोप्या. इंद्रजीतच्या दोन्ही हातांत दोन काठ्या होत्या आणि मनगटावर उंची सांगणारं घड्याळ. दोन माणसांनी कोरीव फलक उचलला होता, एकाच्या खांद्यावर स्पीकर. ते तिघे गावातलेच मजूर होते. एवढ्या लोकांत डोंगर चढता येणारे तेवढेच.

गावाबाहेर निंबाच्या झाडापाशी वाट फुटते. उजवी हाळीच्या डोंगराला जाते, डावी बोडख्याला. योगिनी सर्वांत पुढं होती. झाडापाशी ती थांबली, वळली आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. मग डावीकडं हात केला.

"हिकडनं."

"सर," सम्यक म्हणाला, "पण हाळीचा डोंगर तर—"

"सम्यक, पाणी पी."

"तहान नाय लागली, सर."

"तरी पी."

तो प्यायला. पिता पिता त्यानं योगिनीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि बाटलीचं झाकण सावकाश लावलं. मजुरांतला एक जण खाली मान घालून हसला आणि त्यानं फलक दुसऱ्या खांद्यावर घेतला. मुलांशी मी कधी खोटं बोललो नाही आणि त्यांनाही बोलू दिलं नाही. त्या दिवशीही मी खोटं बोलणार नव्हतो. कुणी नीट विचारलं असतं तर नीट सांगितलं असतं.

इंद्रजीतने मोबाइलवर नकाशा उघडला. निळा ठिपका त्याच्या मनासारखा दिसेना. त्यानं मोबाइल एकदा फिरवला, दोनदा फिरवला आणि मग समाधानानं म्हणाला, "बरोबर. डावीकडंच."

बोडखा तासाभराचा चढ आहे. मंडळाला अडीच तास लागले. वर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. माथा नावाप्रमाणेच उघडा, गवताची काडी नाही. इंद्रजीतने अर्जावरचं चित्र काढून समोर धरलं.

"झाड कुठंय?"

"इथं झाड नाही," मी म्हणालो.

"तोडलं असणार! बघा, लोकांना संस्कृतीची किंमत नाही." मग त्याचं लक्ष मधल्या खांबाकडं गेलं. "आणि हा तो कातळ!"

राजेंद्र गुडघ्यावर बसून बघत होता. "दादा, यावर अक्षरं आहेत. मोडी दिसतेय."

"ते आकडे आहेत," मी म्हणालो. "आणि बाण."

"मोडीतले आकडे!" इंद्रजीतने जाहीर केलं. "बाण म्हणजे अर्जुन. राजेंद्र, लिहून घे." त्यानं बूट काढले आणि जमीनमोजणीच्या खांबावर डोकं टेकलं. मागोमाग सगळ्या टोप्या वाकल्या. हार घातला, गुलाल उधळला, नारळ फोडला. अक्षदानं ओढणी तोंडात कोंबली होती. तिला ठसका लागला तेव्हा एका बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि "भरून आलं पोरीला," असं म्हणाल्या.

मी फाल्गुनात याच खांबापाशी मुलांना अर्धा तास शिकवलं होतं. पाचही मुलांना तो काय आहे हे माहीत होतं. वीस मोठ्यांपैकी एकानंही, हे काय आहे, असं त्यांना विचारलं नाही.

मग स्पीकर सुरू झाला. कुणीतरी ओरडलं, "इंद्रजीतदादा आलेऽऽ!" काहीच परत आलं नाही. बोडख्यासमोर सगळं मोकळं पठार आहे, आवाज आदळायला जागाच नाही. तिघांनी ओरडून पाहिलं. तेव्हा इंद्रजीत मुलांकडं वळून समजावणीच्या सुरात म्हणाला, "बाळांनो, उन्हात प्रतिध्वनी येत नसतो."

मुलांनी माझ्याकडं पाहिलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत मला इतकी शरम कधी वाटली नव्हती.

फलक उभा राहिला. इंद्रजीतचं भाषण व्हिडिओवर घ्यायचं म्हणून स्पीकर बंद केला. टोप्या रांगेत उभ्या राहिल्या. क्षणभर माथ्यावर शांतता झाली, आणि उजवीकडून, दरीपलीकडच्या डोंगरावरून आवाज आला. बारीक, ताणलेला, म्हाताऱ्या बाईचा.

"खंडेराव आलाऽऽ..."

योगिनी उभी होती तिथं ताठ झाली.

"द्वारका आलीऽऽ..." ही तिची आई. "पुंजाराम आलाऽऽ... शिवम आलाऽऽ..."

प्रत्येक नावानंतर आवाज थांबायचा, खाली चुलीपाशी ऐकू जाईल एवढा वेळ. पलीकडच्या माथ्यावर आपट्याच्या झाडाखाली लुगड्याचा जांभळा ठिपका दिसत होता. पायथ्याशी धूळ उठली होती आणि तिच्यात मेंढरं सरकत होती. प्रत्येक नावाला योगिनीचे ओठ हलत होते. माझी मुलं एका रांगेत गप्प उभी राहिली. मी सांगितलं नव्हतं.

"कोण ओरडतंय हे?" राजेंद्र वैतागला.

"मेंढरांना हाका मारत असतील," इंद्रजीत म्हणाला. "रेकॉर्डिंगमध्ये येऊ देऊ नकोस. संपलं की सुरू करू."

नावं संपली असं वाटलं. पण जांभळा ठिपका कातळावरून उतरला नाही. उघड्या बोडख्यावर पांढऱ्या टोप्यांची रांग त्या बाजूनं लख्ख दिसत असणार. गावचे पाहुणे भलत्याच डोंगरावर आहेत आणि त्यांना तिथं कुणी नेलं, हे कळायला सारजाबाईंना कुणाच्या फोनची गरज नव्हती. मग ती म्हातारी आमच्याकडं वळली असावी, कारण आवाज एकदम जवळ आल्यासारखा झाला.

"योगिनी आलीऽऽ..."

"अरे, हे तर तुझंच नाव!" इंद्रजीत हसून योगिनीला म्हणाला. "जेवायला बोलवतायत वाटतं."

"व्हय," ती म्हणाली. "भाकर टाकली असंल."

आणि चपला हातात घेऊन ती उतारानं पळत सुटली.