क्रमांक तोच आहे

“आजी, क्रमांक तोच आहे. म्हणजे फाईलही तीच,” ध्वनिसंग्रहातला अधिकारी पुन्हा म्हणाला.

“आजी तुमच्या घरची. माझी ताई यात मला हाक मारते, ती हाक कुठंय ते सांगा.”

भांडण माझ्यावरून पेटलं होतं. मीच तो क्रमांक, फाईलची ओळखचिठ्ठी. अंक-अक्षरांची लांबलचक माळ, कुणाच्या तोंडात न बसणारी. मला कागद नाही, डिंक नाही, तरी एकदा चिकटले की सुटत नाही.

माझा जन्म इथलाच. जुन्या टेपवरचा एका शिक्षिकेचा आवाज संगणकात उतरवला आणि मला त्या फाईलच्या गळ्यात बांधलं. अशी दुसरी जगात नाही म्हणे. मीही मिजाशीत होते. शिक्षिका शाळेच्या आठवणी सांगत होती. मध्येच दार करकरलं आणि गोष्ट तशीच टाकून ती म्हणाली, “छबे, आत ये गं, बाहेर काय उभी?” मग हसली. दारातली ती छबी म्हणजेच आज काउंटरवर मूठ आपटणारी ही म्हातारी.

पुढे कुणीतरी प्रत काढली. प्रतीबरोबर मीही गेले. तिच्यातून खोकला, करकर, हाक, हसू सगळं नको म्हणून कापलं. आवाज बदलला की चिठ्ठीही नवी द्यायची असते, ती कुणी दिलीच नाही. माणसांना ओळख द्यायची हौस फार, जपायचा कंटाळा. मग जागा कमी पडली. संगणकाला एकाच ओळखीच्या दोन फायली दिसल्या, त्यानं जुनी पुसून टाकली. मी जिची ओळख होते तीच गेली. मी उरले परक्या गळ्यात, कुणी विचारलं की हजर होऊन खोटं बोलायला.

“किती स्वच्छ झालाय आवाज, ऐका तरी,” अधिकारी समजुतीनं म्हणाला.

तिनं हेडफोन लावले. शेवटपर्यंत ऐकलं आणि सावकाश उतरवून ठेवले.

“ताई अशी सलग कधी बोललीच नाही. मध्ये मला हटकल्याशिवाय तिला चैन पडायची नाही. आता मला छबी म्हणणारं कुणी उरलं नाही हो. तेवढ्यासाठी आले होते.”

“पण नोंदीत सगळं बरोबर आहे. क्रमांक तर...”

“असं? मग त्या क्रमांकालाच सांगा, मला एकदा छबे म्हणून हाक मार म्हणावं.”